सरबताचं नाव विचारणारा माणूस

ग्लास हातात आला की ते तो आधी उजेडाकडे धरायचे. रंग बघायचे, तळाशी काय बसलंय ते बघायचे, आणि मग देणाऱ्याकडे वळून विचारायचे, "याला तुमच्यात काय म्हणतात?" समोरचा अरब असो, इराणी असो की मलबारी, प्रश्न तोच. भाषा तेवढी बदलायची. नाव कळल्याशिवाय घोट नाही. आम्ही गच्चीवर ऑगस्टच्या उन्हात कॉम्प्रेसर उघडून निथळत असू, माझा ग्लास केव्हाच रिकामा झालेला असे आणि यांची चौकशी चालूच. मी वैतागून म्हणायचो, "अहो, प्या आधी. बर्फ विरघळला."

"भाऊ, बर्फ पुन्हा मिळते," ते म्हणायचे. "नाव माणूस एकदाच सांगते."

त्यांचं नाव मात्र मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की आडनाव लिहावं लागतं, आणि आपल्याकडे आडनाव कळलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत, सगळं कळल्यासारखी मान हलवतात. त्या मान हलवण्याचा त्यांना फार कंटाळा होता. ते अमरावतीकडचे, बौद्ध, आयटीआय झालेले. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आम्ही दोघं बहरीनमध्ये एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होतो. ते सीनिअर टेक्निशियन, मी स्टोअरकीपर आणि गरज पडेल तेव्हा ड्रायव्हर. आणि गरज रोज पडायची. नव्वदनंतरची ती वर्षं. कंपनीची पिकअप आणि त्यात आम्ही दोघं, असा माझा निम्माशिम्मा संसार त्या काळात झाला. एक गंमत सांगतो, लोकांचे एसी दुरुस्त करत फिरणाऱ्या त्या पिकअपचा स्वतःचा एसी चार वर्षांत एकदाही चालला नाही.

एसीवाल्या माणसाला एक सुख असतं. तो कुणाच्याही घरात जातो. घरमालक उकाड्याने हैराण झालेला असतो, त्यामुळे त्याला आपण देवासारखे भासतो, आणि देवाला काहीतरी थंड द्यायची पद्धत सगळ्या जातीधर्मांत आहे. आम्ही मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत जायचो, बुदैयाच्या रस्त्यावरच्या व्हिलांमध्ये जायचो, सनदच्या वस्तीत जायचो. जाऊ तिथे ट्रे यायचा. पेप्सी आली तर ते मुकाट्याने पिऊन टाकायचे. पण घरी केलेलं काही आलं की त्यांचे डोळे बदलायचे.

मुहर्रकला एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीतला एसी दर दोन महिन्यांनी बिघडायचा, आणि माझा अंदाज असा की अर्ध्या वेळा त्या तो गप्पांसाठी बिघडवायच्या. त्यांनी केशराचं पेय आणलं, वर सब्जा तरंगत होता, गुलाबपाण्याचा वास सुटला होता. "शर्बत," त्या म्हणाल्या. यांनी विचारलं, कधी करता? त्या म्हणाल्या, मुहर्रमला करतो, बाळ झालं की करतो, आणि तुमच्यासारखं कुणी उन्हातून आलं की करतो. हे मला म्हणाले, "बघा भाऊ, शब्द आपलाच आहे."

"आपला कसा? त्यांचा आहे. आपण उचलला."

"उचलला असला तरी आता कोकणात तुमच्या आजीपर्यंत पोचला ना? मग आपलाच."

ही त्यांची शोधमोहीम. ऑफिसात एक इजिप्शियन अकाउंटंट होता, पोट सुटलेला, हसरा. त्याने सांगितलं की त्याच्या देशात शरबात म्हणजे लग्नातलं लालबुंद गुलाबी पेय. कुणा तरुणाला "तुझा शरबात कधी पाजतोस?" असं विचारलं की समजायचं, लग्न कधी करतोस. आणि शराब म्हणजे? "शराब म्हणजे मोजा," असं म्हणून त्याने पँट वर करून पायातला मोजा दाखवला. त्या दिवशी हे इतके हसले की हातातला पाना खाली पडला. मग कळलं की अरबीत मिशीलाही त्याच धातूतला शब्द आहे, शारिब, कारण पिताना आधी तीच भिजते. बुदैयाच्या एका व्हिलात इंग्रज साहेब होता. त्याने सांगितलं, शर्बेट ही पिण्याची गोष्टच नाही, लहानपणी कागदाच्या पुडीतली आंबटगोड पावडर आम्ही बोट बुडवून चाटायचो. हे परतताना सारखं म्हणत होते, "चाटायची! एवढा मोठा देश आणि पाणी घालायला विसरले."

एकदा तर त्यांनी भांडण लावून दिलं. इजिप्शियन म्हणाला, शोरबाही आमच्याच धातूतला, पिण्यावरून आलेला. आमच्या गल्लीतला किराणावाला मूळचा इराणी. त्याला हे कळल्यावर तो दुकान सोडून ऑफिसात आला. शोर म्हणजे खारट, बा म्हणजे रस्सा, हा शब्द आमचा, फारसी, याचा तुमच्या पिण्याशी काही संबंध नाही! दोघांचं अर्धा तास चाललं. हे मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होते, नातू भांडताना आजोबा बघतात तसे. शेवटी म्हणाले, "शोरबा गरम असताना पिऊन घ्या दोघं, मग ठरवू."

आमच्याकडे एक वयस्क पठाण फिटर होते, सगळे त्यांना खानसाहेब म्हणायचे. त्यांना खोकला झाला. क्लिनिकमधून औषध आणलं आणि बाटलीवरची अरबी अक्षरं वाचून ते हादरले. उर्दू वाचता यायचं ना त्यांना, स्वच्छ 'शराब' लिहिलेलं. बाटली त्यांनी स्टोअरमध्ये माझ्या टेबलावर आणून आदळली आणि दोन दिवस खोकत राहिले. शेवटी हे त्यांच्याजवळ जाऊन बसले. "खानसाहब, अरबी में शराब मतलब पीने की चीज, बस. दवाई भी शराब, शरबत भी शराब."

"पक्का?"

"डॉक्टर आपको दारू पिलाएगा क्या? और पिलाएगा भी तो इतनी छोटी बोतल में?"

खानसाहेबांनी बाटली उचलली. हे मला नंतर म्हणाले, "एकाच आईची लेकरं आहेत भाऊ. एक सरबत झालं, एक औषध झालं, आणि एक आमच्या बापाच्या वाट्याला आलं." त्यांच्या वडिलांना दारूने खाल्लं होतं. ते स्वतः थेंबाला शिवायचे नाहीत. गुरुवारी दुपारी हाफ डे झाला की बॅचलर मंडळी त्यांना खेचायची, "यल्ला, आज एक तरी." हे हात जोडायचे. "पाचवं शील आहे," म्हणायचे, आणि कपडे धुवायला निघून जायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एका शब्दाचा नाद लागलेली. आपण त्यांना थोडे सटकलेले समजतो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं होतं. पण एकदा सनदहून परत येताना रस्त्यात गाड्या अडकल्या होत्या. गरम वारा खिडकीतून तोंडावर येत होता. दोघंही इतके थकलेलो की पाय पेडलवर ठेवायचाही कंटाळा. वेळ जावा म्हणून मी सहज विचारलं, "तुम्हाला हे नाव विचारायचं खूळ लागलं कुठून?"

ते म्हणाले, "आमच्या गावात पाटलाच्या पोरीचं लग्न होतं. माहा बाप तीन दिवस लाकडं फोडून राहिला होता तिथं. मी सात-आठ वर्षांचा. मांडवात सगळ्यांले गुलाबी-गुलाबी काहीतरी देऊन राहिले होते, काचेच्या गिलासात. आमाले मागच्या दारी दिलं. करवंटीत. मी बाप्पा जन्मात असं गोड पेलो नव्हतो. मी त्या वाढप्याले विचारलं, याले काय म्हणतात? तो म्हणे, तुले नाव काय करायचं? पी गुमान आन् चालता हो."

पुढची गाडी हलली. मी गिअर टाकला.

"तवापासून विचारून राहिलो," ते म्हणाले, आणि हसले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. कारण आमच्या घरीही पडवीच्या वळचणीला एक कप खोचलेला असायचा, कान तुटलेला. कामाला येणाऱ्या माणसांना त्यात चहा मिळायचा आणि तो त्यांनीच धुऊन परत खोचायचा. लहानपणी मी त्या कपाला कधी हात लावला नाही, आणि का लावायचा नाही हेही कधी विचारलं नाही. ही गोष्ट माझ्या जिभेवर आली होती. पण ती सांगायची सोडून मी म्हणालो, "शुक्रवारी आमच्याकडे या. बायको कोकम सरबत करते."

ते म्हणाले, "येतो ना जी."

ते आले. बायको एका नर्सरी शाळेत मदतनीस होती, दोघांच्या पगारावर मुहर्रकमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट आम्ही कसाबसा भागवत होतो. स्टीलच्या पेल्यातून तिने सरबत आणलं. त्यांनी पेला उजेडाकडे धरला, आता स्टीलमधून काय दिसणार, पण सवय. "वहिनी, याले तुमच्यात काय म्हणतात?"

"आम्ही नुसतं कोकम म्हणतो हां," ती म्हणाली. "सरबत मुंबईवाले म्हणतात. मिठातलं ते आगळ, त्याची सोलकढी करायची. साखरेतलं ते हे. आणि आजी कुणाला पित्त झालं की द्यायची, तेव्हा ते औषध."

"म्हणजे तुमच्याइकडे एकाच फळाची तीन लेकरं," ते म्हणाले, आणि एका दमात पेला संपवला. मग दुसरा. मग तिसरा. बायको खूश. परगावी आपल्या हातचं कुणी असं चाटूनपुसून पिणारं भेटलं की बाईमाणसाचा जीव सुपाएवढा होतो.

मग ते एक शुक्रवार सोडून येऊ लागले. आमचा एसी त्यांनी असा केला की थंडी वाजून आम्ही दुपारी चादर घ्यायला लागलो. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, इंग्रजी शाळेत. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. हे तिला वऱ्हाडीत विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची, आणि दोघांचं उत्तम जमायचं. तिच्या सायन्सच्या वहीत फ्रिज कसा चालतो त्याची आकृती त्यांनी काढून दिली. टीचरने त्यावर स्टार दिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी स्टार दिलेला नाही.

एक दिवस मला म्हणाले, "भाऊ, इकडे मी लोकांच्या घरात हत्यारं घेऊनच शिरलो. तुमचं एकच घर आहे जिथं हात हलवत येतो." हे वाक्य मी नंतर फार वेळा आठवलं आहे.

आता एका ग्लासाबद्दल. बायकोच्या मनात आलं की स्टीलचे पेले लहान, दादांना तीन-तीनदा द्यावं लागतं, आणि त्यांना रंग बघायला आवडतो तर तो दिसतही नाही. मनामाच्या बाजारातून तिने एक उंच काचेचा ग्लास आणला. निळी किनार, जाड तळ, महागातला. एकच आणला, कारण एकच परवडला. आमची मुलगी म्हणजे हात लावील ते फोडील. म्हणून तिला ताकीद दिली, हा अंकलचा ग्लास आहे, याला शिवायचं नाही. फडक्यात गुंडाळून तो वरच्या फळीवर वेगळा ठेवला. ते आले की काढायचा, गेले की धुऊन परत वर. त्यांना कौतुक वाटलं, दोन-तीनदा त्यातून प्यायले. तो राहतो कुठे हे त्यांना माहीत नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी ते आले. बायको नुकतीच नमाज सुटल्यावर उघडलेल्या दुकानात साखर आणायला गेली होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मंगळुरी नर्सबाई पाणी प्यायला आल्या, त्यांच्याकडे पाणी संपलं होतं. मी म्हटलं, घ्या आतून. ओट्यावर पेले खरकटे पडलेले, म्हणून त्यांनी वर हात घातला आणि फडकं सोडवायला लागल्या. मुलगी बाहेरच्या खोलीतून ओरडली, "नो, आंटी! नॉट दॅट वन! दॅट्स अंकल्स ग्लास. वी डोन्ट ड्रिंक फ्रॉम इट!"

नर्सबाईंनी घाईघाईने तो फडक्यात गुंडाळून ठेवला आणि हात फ्रॉकला पुसले. पुसले म्हणजे ओले होते म्हणून पुसले असतील. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. मी टीव्हीचं बटण फिरवत होतो.

बायको आली. सरबत केलं, तोच ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मग टीपॉयवर ठेवून दिला आणि म्हणाले, "वहिनी, आज पोटात बरं नाही जी." चपला घातल्या आणि गेले. मी खरंच समजलो, पोट बिघडलं असेल. त्या आठवड्यात सगळ्यांचीच बिघडली होती.

त्यानंतर ते आले नाहीत. एक शुक्रवार गेला, मग आणखी एक. मी पिकअपमध्ये विचारलं, तर म्हणाले, कपडे धुवायचे होते, पत्रं लिहायची होती. कामाचं सगळं बोलायचे, गॅस किती भरला, फिल्टर कोणता मागवला. लोकांच्या घरी ट्रे आला की अजूनही विचारायचे, याला तुमच्यात काय म्हणतात. माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं.

बायकोला आधी कळलं. एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना ती थांबली. "अहो, तो ग्लास," ती म्हणाली. "मी बाजारात गेले होते तेव्हा इथे काय झालं?" मी आठवून आठवून सांगितलं. सांगता सांगता माझ्याही लक्षात आलं. मी उलट तिच्यावरच डाफरलो, "काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. तू मोठेपणाने ठेवला होतास."

"मोठेपणानेच ठेवला ओ," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठेपणानेच ठेवला ना मी?"

तिच्याही माहेरी वळचणीला कप होता. आपण एखादी वस्तू वेगळी ठेवतो तेव्हा हाताला ते कुणी शिकवलेलं असतं, हे हाताला तरी कुठे ठाऊक असतं? तिच्या मनात काही नव्हतं, याची मी शपथ घेईन. हातांची शपथ कशी घेणार?

यानंतर मी जायला हवं होतं. सरळ त्यांच्यापुढे उभं राहून सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर एके दिवशी थर्मासमधून कोकम घेऊन कामावर गेलो. म्हटलं, थर्मासचं झाकण तरी सगळ्यांचं एकच असतं. ते म्हणाले, "ठेवा भाऊ, मंग घेतो." दुपारी बघतो तर खानसाहेब ते पीत होते आणि मला दुवा देत होते. त्यानंतर मी प्रयत्न सोडला. माणूस थकला की त्याला आपला भित्रेपणाही थकव्यासारखाच वाटायला लागतो. आज बोलू, उद्या बोलू करत एक अख्खं वर्ष गेलं. चूक ग्लासाची होती ती एका मिनिटाची, आणि हे वर्ष माझं, पुरतं माझं.

त्यांची कंबर धरली होती. गच्चीवर वाकून काम होईना. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. मॅनेजरने व्हिसा कॅन्सलचा कागद पुढे सरकवला, ते सही करून माझ्याकडे हत्यारं जमा करायला आले. एकेक पाना पुसून टेबलावर ठेवत गेले. मी यादीवर खुणा करत गेलो. "खलास, भाऊ," ते म्हणाले. शनिवारी सकाळचं विमान होतं.

शुक्रवारी दुपारी बायकोने मुलीला नर्सबाईंकडे ठेवलं, कोकमाच्या पाकाची बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चला, उठा."

त्यांची खोली आमच्यापासून चार गल्ल्यांवर, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना माझ्या ध्यानात आलं की हा जिना मी पहिल्यांदा चढतोय. चार वर्षं मी खाली पिकअप थांबवून हॉर्न द्यायचो आणि ते उतरून यायचे. ते आमच्या घरी कितीदा तरी आले. आम्ही एकदाही त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांच्या हातचं पाणीही आमच्यापैकी कुणाच्या पोटात गेलं नव्हतं. बॅचलर माणसाच्या खोलीवर काय जायचं, असं मी म्हणायचो. चौथ्या-पाचव्या पायरीपर्यंत मी तेच स्वतःला पुन्हा सांगून पाहिलं. मग पुढच्या पायऱ्या नुसत्या चढलो.

दार त्यांनीच उघडलं. आम्हाला बघून एक क्षण बाजूला व्हायचं विसरले. खोलीत तीन खाटा होत्या. बाकीचे दोघं ड्युटीवर. यांच्या खाटेवरची गादी गुंडाळलेली, कार्टन दोरीने बांधलेलं, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत पूर्ण नाव आणि गाव. आम्ही खाटेच्या पट्ट्यांवर बसलो.

बायको म्हणाली, "दादा, माझं चुकलं."

ते उभेच होते. म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनात काही नव्हतं, हे मले त्याच दिवशी समजलं. घरी पोचायच्या आधीच समजलं. पण मले समजून काय होते? घशाले समजलं पायजे ना."

मग मी ते सांगितलं, जे पिकअपमध्ये गिळलं होतं. पडवी, वळचण, कान तुटलेला कप. सांगताना मी खाली बघत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "असतेच भाऊ. सगळीकडे असते. मले आता त्याचा रागबी येत नाही, खरं सांगतो. राग करायचाबी कटाळा आला." ते रागावले असते तर मी बरा बसलो असतो.

एसी घरघरत होता. तेव्हा बायको म्हणाली, "दादा, मला पाणी द्या."

ते लगेच हलले. कोपऱ्यात पाण्याचा कॅन होता. तो उचलला आणि आजूबाजूला बघू लागले. भांडी कार्टनमध्ये बांधून झालेली. रूममेट लोकांची कपाटाला कुलूप घालून ठेवलेली. खिडकीत शेव्हिंगचा मग होता, तो हातात घेऊन परत ठेवला. त्यांची तारांबळ मला बघवेना. मी पटकन पुढे झालो, खाली वाकलो, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणालो, "ओता यातच. त्यात काय एवढं. मी पितो, मग ती पिईल."

मला वाटलं, मी फार मोठी गोष्ट करतोय.

ते कॅन धरून तसेच उभे राहिले. चेहरा असा झाला की मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. "नाही भाऊ," ते म्हणाले. "हात काढा. सरळ उभे व्हा."

"अहो, पण..."

"वाकून, ओंजळीत पाणी कसं देतात, वरून कसं ओततात, ते मले माहीत आहे. माह्या आईने जन्मभर तसं पेलं. मी कोणाले तसं देणार नाही. तुमाले तर नाहीच." त्यांनी कॅन खाली ठेवला, खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं लावली. "बसा दोघं. दहा मिनिटं. जाऊ नका जी." शेवटचं वाक्य त्यांनी दारातून पुन्हा एकदा म्हटलं.

आम्ही खिडकीशी गेलो. खाली गल्लीत ऊन पडलेलं, चिटपाखरू नव्हतं. कमरेवर हात ठेवून ते सावकाश चालत होते. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरचं, म्हणजे तिकडच्या किराणा दुकानाचं, शटर अर्धं ओढलेलं होतं. त्यांनी ते वाजवलं, वाकून आत काहीतरी म्हणाले. दुकानदार डोळे चोळत बाहेर आला. आत गेले, पुष्कळ वेळ दिसेनात. दुकानदार कपाटावरचं काही काढत असावा. बायकोने पदराने घाम पुसला.

मग ते बाहेर आले. पिशवी वगैरे काही नव्हती. साधे काचेचे ग्लास, एकसारखे, चहावाले धरतात तसे एका हाताच्या बोटांत अडकवलेले, बोटं आत गेलेली. रस्त्याच्या कडेला ते थांबले. एक गाडी जाऊ दिली. मी किती आहेत ते बघायचा प्रयत्न करत होतो, पण उन्हात काच चमकत होती आणि माझे डोळे काही धड नव्हते. बायकोची नजर माझ्यापेक्षा चांगली.

"तीन आहेत," ती म्हणाली, आणि दार उघडून ठेवायला गेली.